मुलांस

"जपून, दोन्ना एर्सिलिया. तो कसाई माझ्यापेक्षा दोनशे वर्षांनी मोठा आहे."

"आणि तुमच्यापेक्षा बारीकही आहे," एर्सिलियाबाई म्हणाल्या आणि मातीच्या कसायाभोवतीचा कागद हळूच सोडवू लागल्या.

पाद्रे ओनोफ्रिओ हसले. चर्चच्या मागच्या खोलीत जमिनीवर ते फतकल मारून बसले होते आणि त्यांच्यासमोर नाताळच्या गोठ्याची जुनी पेटी उघडी पडली होती. युद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा कुणीतरी ही पेटी माळ्यावर भिंतीआड लपवली होती. लपवणारा गेला, भिंत राहिली. बारा वर्षं नेपल्सच्या या गल्लीने कुठूनतरी मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या मेंढ्यांवर नाताळ साजरा केला होता. या वर्षी छप्पर गळायला लागलं, गवंड्याने भिंत फोडली, आणि आतून मेंढपाळ, भटारीण, मासेवाला, कसाई, तिन्ही राजे असे सगळे निघाले. प्रत्येक जण कागदात गुंडाळलेला.

एर्सिलियाबाईंना एक खोड होती. समोर स्वर लिहिलेले दिसले की ते त्यांच्या ओठांवर यायचेच. दुकानाची पाटी वाचावी तसं. कसायाचा कागद मांडीवर सरळ करता करता त्या गुणगुणू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"काय झालं? नाक मोडलं?"

"नाही. फादर, हे भजन नाही. कुणीतरी कुणालातरी बहिरा म्हणून शिव्या देतंय. सुरात."

पाद्रे पुढे सरकले. मग दोघांनी मिळून एकेक पुतळा उघडायला घेतला, पण आता पुतळा बाजूला आणि कागद हातात. भटारणीच्या अंगावर एक भाचीबाई रडत होती. मासेवाल्याच्या अंगावर तिचा प्रियकर खिडकीखाली उभा होता. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजवायची पाद्रे विसरले, आणि गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, की फादर आजारी आहेत का.

तिन्ही राजे सहा जानेवारीला, त्यांच्या सणालाच उघडायचे म्हणून तसेच ठेवले; बाकीचे कागद लावून झाले तेव्हा कळलं की हा एक अख्खा ऑपेरा आहे. नाव ‘बहिरा मामा’. लिहिणाऱ्याचं नाव फेलिचे आमात्रुदा. चर्चला लागून पूर्वी करडे झगे घालणाऱ्या अनाथ मुलांचा आश्रम होता. तिथे मुलांना जेवण, कपडा आणि गाणं मिळायचं. आमात्रुदा तिथला शिक्षक.

पहिल्याच कागदावर गोष्टीचा सारांश होता, आणि गोष्ट गमतीची होती. एक कंजूष मामा बहिरेपणाचं सोंग घेतो, म्हणजे भाचीच्या लग्नाची मागणी ऐकायलाच नको आणि तिचा हुंडाही द्यायला नको. लोक घसा फोडतात, मामा ढिम्म. शेवटच्या अंकात गल्लीतली पोरं त्याच्या खिडकीखाली गोळा होऊन गाऊ लागतात, आणि ते ऐकून मामाला राहवत नाही. तो स्वतःच खालच्या पट्टीत त्यांना साथ द्यायला लागतो. सोंग उघडं पडतं, लग्न लागतं.

शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहाचे संगीत-संचालक मायेस्त्रो वास्साल्लो कागद पाहायला आले. उंच, सडपातळ, हातमोजे घातलेला माणूस. उभ्या उभ्या वाचायला लागले ते अंगातला कोटही न काढता मेंढपाळांच्या पेटीवर बसले.

"कार्निव्हलला करू या," ते म्हणाले. "आणि पोरांचं गाणं तुमच्या पोरांनी म्हणायचं, सिन्योरा. खरी गल्लीतलीच पोरं हवीत मला. केस विंचरलेली नकोत."

"ती काळजी करू नका," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

इथे त्यांनी थोडी घाई केली. शेवटच्या अंकाचे कागद अजून राजांच्या अंगावरून उतरायचे होते, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं. चाळीस वर्षं त्या या खोलीत गल्लीतल्या मुलांना गाणं शिकवत होत्या. त्यातलं एकही मूल कधी नाट्यगृहाच्या आत गेलेलं नव्हतं, रंगमंचावर तर दूरच. बातमी कळताच खोलीत असा गोंधळ उडाला की पायपेटीवरची मेणबत्ती पडली. आयांनी जुने पडदे फाडून करडे झगे शिवायला घेतले. पेप्पिनोच्या बापाने तर मासे विकताना आरोळीत भर घातली, "घ्या ताजे बांगडे, घ्या, माझा पोरगा ऑपेरात आहे."

आणि मग तिन्ही राजे उघडले.

त्यांच्या अंगावरच्या कागदांवर सगळ्यात खालची, खर्जाची तेवढी ओळ लिहिलेली होती. वरच्या सगळ्या ओळी कोऱ्या. मुलांच्या गाण्याचे शब्द होते, पण ते कोणत्या सुरात म्हणायचे याचा एक टिपकाही नव्हता. कोऱ्या ओळींच्या सुरुवातीला मात्र ठसठशीत अक्षरांत एक शब्द होता: ‘मुलांस’.

वास्साल्लोंनी जुन्या नोंदी शोधून आणल्या होत्या. "हे लिहिलं त्याच हिवाळ्यात वारला तो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मरणाच्या दारात आपल्या मुलांना अर्पण केलं आणि लेखणी खाली ठेवली. अपूर्ण राहिलं, सिन्योरा."

पाद्रेंनी क्रूसाची खूण केली. बाईंनाही गलबलून आलं, पण त्यांच्या मनात आमात्रुदाची मुलं नव्हती. त्यांच्या मनात करडे झगे होते.

"मग आता?"

"दोन वाटा आहेत. इथेच थांबायचं आणि पडदा टाकायचा. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या ऑपेराचा शेवट जोडायचा. त्यात पोरं नसतील."

"मी पुरं करते," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

वास्साल्लोंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही रचना करता?"

"नाही. पण ज्यांनी गायचं आहे त्यांना मी ओळखते."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मुदत दिली.

शिकवणं वेगळं आणि रचणं वेगळं, हे बाईंना त्या महिन्यात कळलं. त्यांनी आमात्रुदाचे आधीचे अंक पाठ केले, त्याच्या लकबी ओळखल्या, कुठे तो उडी मारतो, कुठे थबकतो ते हेरलं. मग कागद पुढे घेऊन बसल्या. स्वर बरोबर पडत होते. चूक काढायला जागा नव्हती. तरी गाणं काही उठत नव्हतं, चुलीवर ओलं लाकूड धुमसावं तसं नुसतं धुमसत होतं. तीन-चार वेळा लिहून फाडल्यावर एक त्यातल्या त्यात बरं झालं, ते त्यांनी मुलांना शिकवलं.

मुलांनी मुकाट्याने म्हटलं. हीच वाईट खूण होती.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

सगळे आस्सुन्ताकडे पाहू लागले. नऊ वर्षांची ही धोबिणीची मुलगी कुणाची भीडभाड ठेवत नसे.

"बाई, चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यात असं वाटतं की आपण हात धुऊन आलोय."

"आणि नखं पण दाखवायचीत," पेप्पिनो म्हणाला.

बाई हसल्या, कारण पोरांचं खरं होतं. मुलं निघून गेल्यावर मात्र बराच वेळ पायपेटीपाशी बसून राहिल्या. उद्या-परवा त्यांना सांगावं लागणार होतं. आयांना सांगता येईल, बापांना सांगता येईल. पण मुलांना एकदा हो म्हणून मग नाही म्हणणं ही गोष्ट त्यांना चाळीस वर्षांत जमली नव्हती, आणि आता शिकायची इच्छाही नव्हती.

सणाच्या आदल्या आठवड्यात चर्चची झाडलोट चालू होती. वेदीजवळचा गालिचा उचलला तर खाली फरशीत एक थडग्याचा दगड, अक्षरं झिजलेली. पाद्रे ओनोफ्रिओ गुडघ्यांवर बसून बोटाने वाचू लागले आणि एकदम त्यांनी बाईंना हाक मारली.

"दोन्ना एर्सिलिया, इकडे या. हा तुमचा आमात्रुदा. इथेच झोपलाय, आणि रोज मी त्याच्या डोक्यावर उभा राहून प्रवचन देतोय."

"बिचारा. मेल्यावरही सुटका नाही."

"ते सोडा. हे वाचा. पाद्री होता तो. पाद्री, कळलं? आणि मी गल्लीभर सांगत सुटलोय की मरताना त्याने पोरांना ऑपेरा अर्पण केला."

बादली घेऊन उभी असलेली आस्सुन्ताची आई खुदकन हसली. "असतील की फादर. पाद्र्याला भाचे फार असतात म्हणतात."

"दोन्ना रोझारिया, पाणी मारा, जीभ नको."

बाईही हसल्या. पण हसता हसता काहीतरी खटकलं, जेवताना दाताखाली खडा यावा तसं. मुलं नव्हती. मग ‘मुलांस’ कशाला? कोणत्या मुलांस?

तेवढ्यात वर्गाची वेळ झाली आणि मुलं धडधडत आत आली. शिकवायची वेळ झाली की बाईंचे बाकीचे विचार बाहेर उंबऱ्यापाशी थांबत. पण आज विचार काही सुटेना. त्या पायपेटीवर बसल्या आणि डोक्यात घोळत असलेली आमात्रुदाची खर्जाची ओळच त्यांच्या डाव्या हाताने वाजवायला घेतली. सावकाश, नुसतीच. त्यांना ती मुलांसाठी वाजवायचीही नव्हती.

पण मुलांना काय माहीत. रोज वर्ग असाच सुरू व्हायचा. बाई खालची ओळ वाजवायच्या आणि मुलांनी तिच्यावर आपापली चाल शोधायची. बाई म्हणायच्या, जोतं माझं, भिंती तुमच्या. त्यांच्या गुरूंनी त्यांना असंच शिकवलं होतं, गुरूंना त्यांच्या गुरूंनी, आणि ते कुठून आलं हे कुणी विचारलं नव्हतं. इतकी रोजची गोष्ट, की गाणं शिकवायच्या आधी खाकरावं तशी. हिला कुणी गाणं म्हणतच नसे.

पेप्पिनोने पहिल्यांदा एक सूर धरला आणि धरून ठेवला. आस्सुन्ता त्याच्यावरून खाली घसरत आली. मागच्या रांगेतल्या धाकट्यांनी दोघांच्या मधली जागा पकडली. कुणीतरी पडलं, कुणीतरी त्याला सावरलं. ओळ फिरून पहिल्या जागी आली तेव्हा आस्सुन्ताने वर उडी घेतली, आणि सगळी तिच्यामागे भिंतीवरून उडी मारावी तशी गेली.

बाईंचा हात थांबला.

"चुकलं का?" पेप्पिनोने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पायपेटीवरचा राजाचा कागद उचलून मुलांसमोर धरला. "हा शब्द वाच, आस्सुन्ता."

"मुलांस."

"म्हणजे काय?"

आस्सुन्ताला यात काही अवघड आहे असं वाटलं नाही. "म्हणजे इथून पुढे मुलांनी करायचं."

पाद्रे दारात उभे होते, हातात झाडू. आश्रमातल्या अनाथांना त्या काळी ‘मुलं’च म्हणत, हे त्यांनाही ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ म्हणत असतील. मुलं जेवली का, मुलं झोपली का. पण छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका वाचायची सवय झालेल्या डोळ्यांना तिथे अर्पणपत्रिकाच दिसली.

"फादर," बाई म्हणाल्या, "तो लिहिता लिहिता मेला नाही. लिहून झाल्यावर मेला."

वास्साल्लोंना हे पटवणं मात्र सोपं नव्हतं. ते आले, ऐकून घेतलं, आणि कोटाचं बटण फिरवत राहिले.

"सिन्योरा, तुमचा तर्क सुंदर आहे. पण माझ्यासमोर वादक बसलेले असतात. पोरं काय गाणार ते कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग मी काय चालवू?"

"खालची ओळ लिहिली आहे ना? वादक तीच वाजवतील. मामाही शेवटी तीच गातो. फक्त पोरांनी काय करायचं ते पोरांवर सोडायचं."

"आणि पोरं गप्प बसली तर?"

"बसून पाहा," त्या म्हणाल्या आणि पायपेटीवरून उठल्या.

वास्साल्लोंनी हातमोजे काढले आणि वाजवायला सुरुवात केली. मुलं त्यांच्या बोटांकडे, कोटाकडे, चकचकीत बुटांकडे पाहत उभी राहिली. ओळ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. एकाने सूर धरला, तो मोडला. दोघी फिदीफिदी हसल्या. वास्साल्लो थांबले आणि बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "पाहिलंत?"

"तुम्ही पळताय," आस्सुन्ता म्हणाली.

"काय?"

"शिपाई मागे लागल्यासारखे पळताय. आम्ही पाय कुठे ठेवायचा?"

पेप्पिनोने तिच्या कोपराला चिमटा काढला. वास्साल्लोंचे कान लाल झाले. शहरातल्या मोठमोठ्या गायकांनी त्यांना एवढ्या शब्दांत सांगितलं नसेल. पण ते गाण्याचे खरे माणूस होते. त्यांनी एकवार पोरीकडे पाहिलं, पेटीकडे वळले, आणि निम्म्या लयीत पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते स्वतः ऐकत वाजवत होते. मुलांना ते लगेच कळलं. ऐकणारा माणूस मुलांना पाठमोराही ओळखू येतो.

गाणं संपल्यावर वास्साल्लोंनी हातमोजे पुन्हा चढवले.

"एक अट आहे," ते म्हणाले. "एक तरी चाल कागदावर उतरवून द्या. माझ्या जिवाला शांतता म्हणून."

बाईंनी दिली. मुलांना ती दाखवली मात्र नाही.

कार्निव्हलच्या संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं होतं. अर्धी गल्ली वरच्या स्वस्त सज्ज्यात बसून साखर भुरभुरलेल्या, मैद्याच्या तळलेल्या पट्ट्या खात होती आणि मामाला सल्ले देत होती. करडे झगे घातलेली मुलं पडद्याआडून आत गेली. कुणाचे केस विंचरलेले नव्हते. बाई बाजूच्या पडद्यामागे उभ्या होत्या. तिथून त्यांना मुलांच्या पाठी आणि वास्साल्लोंचा चेहरा दिसत होता.

खर्जाची ओळ सुरू झाली. मुलं गप्प.

दिव्यांचा एवढा उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. पेप्पिनोचे खांदे कानांपर्यंत चढले होते. आस्सुन्ताने, कधी नव्हे ते, मान खाली घातली होती. ओळ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सज्ज्यातलं खाणं थांबलं. वास्साल्लोंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, मग पडद्याआड बाईंकडे पाहिलं.

पहिला सूर बाईंच्या ओठांपर्यंत आला होता. नुसता फुंकला असता तरी मुलांनी झेलला असता. पुढचं सगळं मग बाईंचं झालं असतं, नीटनेटकं, हात धुतलेलं. त्यांनी पडदा मुठीत घट्ट धरला आणि ओठ मिटून घेतले. चालायला शिकणारं पोर पडेल म्हणून आईचा हात पुढे होतो. तो मागे घेणं हीच शिकवण्यातली सगळ्यात कठीण गोष्ट, आणि ती त्यांना दरवेळी नव्याने करावी लागत असे.

तिसऱ्या फेरीला पेप्पिनोने सूर लावला. उशिरा, घोगरा, आणि वर्गात कधी लावला नव्हता असा. मासे विकणाऱ्या बापाची आरोळी जिथून सुरू होते, तिथला. सज्ज्यात कुणीतरी हसलं. आस्सुन्ताने मान वर केली. तिने तो घोगरा सूर ऐकला, क्षणभर तोलला, आणि त्याच्यावर पाय ठेवून वर चढली.

मग सगळी चढली. बाईंना एकही वळण ओळखीचं लागेना. हे त्यांनी शिकवलं नव्हतं, उतरवून दिलं नव्हतं, आदल्या दिवशी तालमीतही झालं नव्हतं. मधली धाकटी पोरं एकमेकांना प्रश्न विचारावेत तशी गात होती, आणि उत्तर मिळालं की खूश होऊन पुढचा प्रश्न काढत होती. खिडकीत बसलेला मामा सोंग विसरून खालची ओळ गाऊ लागला तेव्हा सज्ज्यातून एका बाईने त्याला ओरडून सांगितलं, "आता कसं ऐकू आलं रे, मेल्या?"

वास्साल्लोंनी बाईंचा कागद घडी करून खिशात घातला होता. ते मुलांच्या तोंडाकडे पाहत हात हलवत होते.

कागदावरची ओळ संपत आली. इथे सगळ्यांनी थांबायचं, मामाने भाचीचा हात तिच्या प्रियकराच्या हातात द्यायचा, आणि पडदा. वादकांनी शेवटच्या स्वरासाठी व्हायोलिनचे गज उचलले. पण आस्सुन्ता नुकतीच कुठेतरी निघाली होती आणि बाकीची पोरं तिच्यामागे होती. त्यांचं अजून व्हायचं होतं. वास्साल्लोंनी ते पाहिलं, डावा हात उंच केला आणि वादकांना खूण केली: पुन्हा, पहिल्यापासून.